जोहार : एका अभिवादनाचा सामाजिक इतिहास

या पाठात काय शिकाल

• अभिवादनाच्या शब्दाकडे इतिहासाचे साधन म्हणून कसे पाहावे.
• महाराष्ट्रात ‘जोहार’ हा शब्द कोण, कोणाला, कोणत्या परिस्थितीत म्हणत असे आणि तो का टाकून देण्यात आला.
• ‘जय भीम’ या अभिवादनाचा उदय.
• छत्तीसगडमध्ये, विशेषतः भिलाईच्या परिसरात, त्याच ‘जोहार’ला वेगळा अर्थ कसा मिळाला.

१. प्रस्तावना

छत्तीसगडमधील भिलाई या पोलाद कारखान्याच्या शहरात चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या फाटकापाशी किंवा महाविद्यालयाच्या आवारात मित्र भेटले की ‘जय जोहार’ असे शब्द कानी पडतात. म्हणणारा सहज म्हणतो आणि ऐकणाराही तितक्याच सहजपणे ‘जय जोहार’ म्हणून पुढे जातो. ‘काय, कसं काय?’ या मराठी प्रश्नाला जेवढे वजन असते, तेवढेच त्याला असते.

याच शहरात विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकी आंबेडकरी घरांमध्ये परस्परांना ‘जय भीम’ म्हटले जाते. या घरांतील आजच्या तरुणांच्या पणजोबांच्या काळी ‘जोहार’ हा शब्द त्यांच्या समाजाच्या तोंडी सक्तीने बसवलेला होता. त्या पिढीने तो निश्चयाने सोडला. म्हणजे एका समाजाने अपमानाची खूण म्हणून टाकलेला शब्द दुसऱ्या समाजाने अभिमानाची खूण म्हणून जपला, आणि आज हे दोन्ही समाज एकाच शहरात शेजारी राहतात.

असे कसे घडले? शब्द एकच असेल तर त्याचा ‘खरा’ अर्थ कोणता? या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर तीन साधे प्रश्न विचारू :

(अ) अभिवादन आधी कोणी करायचे?
(आ) उत्तरादाखल तोच शब्द परत येतो का?
(इ) हा शब्द म्हणण्याची किंवा न म्हणण्याची मोकळीक कोणाला आहे?

२. शब्द आणि त्याची व्युत्पत्ती

‘जोहार’ हा शब्द फक्त मराठीत किंवा फक्त आदिवासी भाषांत आहे असे नाही. उत्तर आणि मध्य भारतातील अनेक भाषांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. राजस्थानात ‘जुहार’ असे त्याचे रूप आहे आणि जुन्या पत्रव्यवहारात प्रतिष्ठित घराणीही ते वापरत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुलसीदासांनी अवधीत रचलेल्या रामचरितमानसात कोल-किरात हे वनवासी लोक रामापुढे भेटी ठेवून जोहार करतात. पण त्याच ग्रंथात नगरातील लोकही जोहार करतात. संथाळी, मुंडारी, हो या झारखंड-ओडिशा भागातील भाषांत ‘जोहार’ हे नित्याचे अभिवादन आहे.

शब्दाच्या उगमाविषयी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. कोणी तो ‘जय’काराशी जोडतो, कोणी ‘जय हर’ असा फोड करतो, तर कोणी ‘योद्धा’ या शब्दाशी नाते लावून महार समाजाच्या लष्करी परंपरेची आठवण करून देतो. आदिवासी लेखक त्याचा अर्थ निसर्गाला वंदन असा सांगतात. यांतील प्रत्येक स्पष्टीकरणामागे सांगणाऱ्याची एक सामाजिक भूमिका असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. आपल्या पूर्वजांच्या तोंडचा शब्द सन्मानाचा होता असे प्रत्येक समाजाला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून अशी स्पष्टीकरणे भाषाशास्त्रीय निष्कर्ष म्हणून वाचण्यापेक्षा त्या त्या समाजाच्या स्वप्रतिमेचा पुरावा म्हणून वाचली तर इतिहासाला अधिक उपयोगी पडतात.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करायला हवा. राजपूत इतिहासातील ‘जौहर’, म्हणजे वेढा पडलेल्या किल्ल्यातील स्त्रियांचे सामूहिक अग्निप्रवेश, हा वेगळा शब्द आहे. त्याचा ‘जोहार’ या अभिवादनाशी संबंध नाही.

३. अभिवादनांची उतरंड

आज ‘नमस्कार’ हा शब्द मराठीत कोणीही कोणालाही म्हणू शकतो. पूर्वी तसे नव्हते. जुन्या मराठी समाजात अभिवादनाच्या शब्दावरून माणसाची जात किंवा पंथ ओळखता येत असे. ब्राह्मणांत ‘नमस्कार’, मराठा-कुणबी समाजात ‘रामराम’, दरबारात ‘मुजरा’, नाथपंथीयांत ‘आदेश’, लिंगायतांत ‘शरणार्थ’, महानुभावांत ‘दंडवत प्रणाम’ अशी पद्धत होती. महार समाजासाठी ठरलेला शब्द होता ‘जोहार’, आणि बहुधा त्याला ‘मायबाप’ हे संबोधन जोडलेले असे.

ही केवळ रूढी होती, कोणी मोडली तर काय बिघडणार होते, असे आज वाटेल. त्यासाठी अठराव्या शतकातील एक प्रसंग पाहू. सोनार समाजातील काही लोक स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, धोतराला निऱ्या घालू लागले आणि परस्परांना ‘नमस्कार’ म्हणू लागले. ब्राह्मणांनी याला हरकत घेतली. पेशव्यांच्या राज्यात या गोष्टींवर बंदी आली, आणि १७७९ मध्ये मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनेही तेथील सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये असा हुकूम काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात जातीच्या जुलमाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग दिला आहे.

सोनार हा काही अस्पृश्य मानला गेलेला समाज नव्हता. त्याच्याकडे पैसा होता, शहरात वजन होते. तरीही एका शब्दासाठी दोन-दोन राजसत्तांना हुकूम काढावे लागले. यावरून अभिवादन ही त्या काळी सार्वजनिक व्यवस्थेची बाब होती हे स्पष्ट होते. मग गावकुसाबाहेर राहणाऱ्या, वतनाच्या बंधनात अडकलेल्या महाराला ‘जोहार’ऐवजी दुसरा शब्द उच्चारण्याची किती मोकळीक असेल, याची कल्पना करता येते.

महार हा गावगाड्यातील वतनदार सेवक होता. वेस राखणे, निरोप पोचवणे, सरकारी कामकाजासाठी धावणे, सारा गोळा करण्याच्या वेळी लोकांना चावडीवर बोलावणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे त्याच्याकडे असत. वेसकर, तराळ ही नावे त्याच कामांवरून आली. या कामांच्या निमित्ताने तो पाटील-कुलकर्ण्यांपुढे किंवा घरोघरी जाई तेव्हा दुरून, वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणत असे.

आता आपले तीन प्रश्न लावू. आधी कोण म्हणायचे? नेहमी महार. तोच शब्द परत येई का? नाही, कारण हा शब्द वरच्या जातीच्या तोंडी असणे कल्पनेतही बसत नव्हते. न म्हणण्याची मोकळीक होती का? नव्हती. ‘जोहार’च्या अपमानाचे मूळ त्याच्या अक्षरांत शोधून सापडणार नाही. ते या एकतर्फी व्यवहारात आहे.

४. संतसाहित्यातील जोहार

या शब्दाचा मराठीतील ठळक पुरावा संतसाहित्यात मिळतो. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा हे महार समाजातील. त्यांच्या नावावर असलेल्या अभंगांत ‘जोहार’ या प्रकारचे अभंग आहेत. गावचा महार धन्यापुढे जसा उभा राहतो तसा भक्त विठ्ठलापुढे उभा राहून जोहार करतो, अशी त्यांची रचना आहे. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत महाराच्या तोंडी घातलेले अनेक ‘जोहार’ आहेत. तेथे शरीर हेच एक गाव किंवा नगर होते, आणि त्या नगराचा महार धन्याला तेथील कारभाराचा हिशेब सांगतो.

या रचनांकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक म्हणजे, त्या काळी महाराचा जोहार किती नित्याचा होता हे त्यांवरून कळते. श्रोत्यांना रोजच्या जीवनातून ओळखीचे नसते तर ते रूपक चाललेच नसते. दुसरे म्हणजे, हा जोहार गावच्या पाटलाऐवजी देवाला केला की माणसामाणसांतील उतरंड काही क्षण बाजूला पडते, कारण देवापुढे सगळेच सेवक असतात. ब्राह्मण असलेले एकनाथ महाराच्या भूमिकेतून बोलतात, हे त्या काळाच्या दृष्टीने लहान पाऊल नव्हते.

वारकरी परंपरेने याहून पुढचीही एक गोष्ट केली. वारीत भेटणारे दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात. येथे अभिवादन परतून येते. तरीही या समतेला मर्यादा होती. पंढरपुरात चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या पायरीपाशी, बाहेर आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांसाठी उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अभंगातला जोहार देवापर्यंत पोचला, पण गावातला जोहार जसाच्या तसा राहिला.

५. जोहार नाकारला, जय भीम आला

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात आंबेडकरी चळवळीने गावगाड्यातील या व्यवहारालाच हात घातला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. मेलेली जनावरे ओढणार नाही, शिळे मागून खाणार नाही, या निर्धारांबरोबरच ‘जोहार’ म्हणणार नाही हा निर्धारही येणे साहजिक होते. काहींनी त्याऐवजी ‘रामराम’, ‘नमस्कार’ हे इतरांचे शब्द घेतले. पण ते शब्दही त्याच उतरंडीतले होते. स्वतःचा असा शब्द हवा होता.

हा शब्द नागपूरजवळच्या कामठीतून आला असे मानले जाते. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–१९३९) हे कामठीचे कार्यकर्ते. ते एल. एन. हरदास या नावाने ओळखले जात. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली आणि १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. कामठी हे ब्रिटिशांच्या छावणीचे गाव. तेथे मुस्लिम वस्तीही मोठी होती. ‘सलाम आलेकुम’ म्हटले की ‘वालेकुम सलाम’ असे उत्तर मिळते, आणि श्रीमंत-गरीब सगळे तेच म्हणतात, हे पाहून हरदासांना आपल्या समाजासाठी असे काही असावे असे वाटले, अशी परंपरा सांगितली जाते. ‘जय भीम’ला सुरुवातीस ‘बल भीम’ असे उत्तर सुचवले गेले; पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झाले.

पहिला शब्द आणि उत्तर एकच असणे ही बाब महत्त्वाची आहे. आता कोण आधी म्हणाले याने काही फरक पडत नाही. ‘मायबाप’ हे संबोधन गेले. वाकणे गेले. जातीने ठरवून दिलेल्या शब्दाच्या जागी स्वतः निवडलेला शब्द आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर ‘जय भीम’ गावोगाव पोचला. वतनाच्या कामांची कायदेशीर सक्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कनिष्ठ गाव-वतने रद्द करणाऱ्या कायद्याने संपली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनांतून वतनाच्या त्या जगण्याचे चित्र पुढच्या पिढ्यांपुढे आले.

६. आदिवासी प्रदेशातील जोहार

‘जोहार’चा दुसरा प्रवास समजण्यासाठी गावगाड्याच्या बाहेर, डोंगर-जंगलाच्या प्रदेशात जायला हवे. झारखंडपासून छत्तीसगडपर्यंत, आणि महाराष्ट्रात पालघरच्या वारली पट्ट्यातही, आदिवासी समाजांत ‘जोहार’ हे परस्परांचे अभिवादन आहे. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगडमधील गोंड समाजात ‘जय सेवा’ आणि ‘सेवा जोहार’ हे शब्द ऐकू येतात.

येथे आपल्या प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात. पाड्यावर भेटलेले दोघे एकमेकांना जोहार म्हणतात. म्हातारा असो की तरुण, शब्द तोच. समाजाच्या आत बलुतेदारीसारखी जातींची घट्ट उतरंड नसल्याने या शब्दाला चाकरीचा वास लागला नाही. बाहेरचा जमीनदार, सावकार किंवा जंगल खात्याचा अधिकारी आला की त्याच आदिवासीला वाकावे लागे, हे खरे. पण आपल्या माणसांत तो शब्द समतेचाच राहिला. म्हणूनच पुढे आदिवासी हक्कांच्या चळवळी उभ्या राहिल्या तेव्हा नवा शब्द घडवण्याची गरज पडली नाही. होता तोच शब्द त्यांनी अभिमानाने मोठ्याने उच्चारला.

७. भिलाई : दोन इतिहास एका गावात

भिलाईत हे दोन इतिहास एकत्र कसे आले? यासाठी नागपूर आणि छत्तीसगड यांचा जुना संबंध आठवावा लागेल. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी मध्य प्रांत स्थापन केला आणि त्याची राजधानी नागपूर होती. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तो याच प्रांताचा भाग. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूरच होती. म्हणजे हरदास ज्या विधिमंडळाचे सदस्य होते, त्याच विधिमंडळाच्या अखत्यारीत दुर्गही येत होते. शिवाय मुंबई–हावडा लोहमार्ग नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग, भिलाईमार्गे जातो. माणसे, माल आणि विचार याच वाटेने जात-येत राहिले. डोंगरगडच्या प्रज्ञागिरी टेकडीवरील बुद्धमूर्ती या भागातील आंबेडकरी बौद्धांच्या वस्तीची साक्ष देते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भिलाईची जागा त्यासाठी निवडली गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार, महाराष्ट्र अशा सर्व बाजूंनी कामगार आले. सेक्टरांची वसाहत उभी राहिली. त्यात शेजारी कोण असेल हे जातीपेक्षा कारखान्यातील पदावर ठरू लागले.

अशा शहरात अभिवादनाचे एकच चलन असणे शक्य नव्हते. छत्तीसगडच्या मातीतलेही अनेक शब्द तेथे होते. गुरू घासीदास (१७५६–१८५०) यांच्या सतनामी पंथाचे लोक ‘जय सतनाम’ म्हणत. कबीरपंथीयांत ‘साहेब बंदगी’ चालत असे. या दोन्ही पंथांत जातीच्या उतरंडीला नकार आहे आणि म्हणूनच त्यांनी स्वतःची अभिवादने घडवली, हे ‘जय भीम’च्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. विदर्भातून आलेल्यांचा ‘जय भीम’, उत्तरेकडच्यांचा ‘रामराम’, पंजाब्यांचा ‘सत श्री अकाल’ आणि आजूबाजूच्या खेड्यांतील ‘जोहार’ हे सारे एकाच पाळीत कामावर जाऊ लागले.

या सरमिसळीला आर्थिक बाजूही होती. कारखान्यातील कायम नोकरी म्हणजे घर, दवाखाना, शाळा आणि निवृत्तिवेतन. या नोकऱ्यांत सुरुवातीच्या काळात बाहेरून आलेल्यांची संख्या मोठी होती. खाणींतील हातमजुरी आणि ठेकेदाराकडची कामे यांत मात्र स्थानिक छत्तीसगढी आणि आदिवासी मजूर जास्त दिसत. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईत दीर्घकाळ अभ्यास करून कायम कामगार आणि ठेक्यावरचे कामगार हे दोन वेगळे वर्गच कसे बनले ते दाखवले आहे. ‘जोहार’ म्हणणारा माणूस या विभागणीत बहुतेक वेळा खालच्या बाजूला होता.

८. लाल जोहार

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणींत १९७७ मध्ये हातमजुरांची मोठी चळवळ झाली. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या पोलिस गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. पुढे या चळवळीतून छत्तीसगढ मुक्ती मोर्चा ही संघटना आणि मजुरांच्या श्रमातून व वर्गणीतून उभारलेले शहीद रुग्णालय (१९८३) या गोष्टी घडल्या.

या चळवळीचा झेंडा लाल-हिरवा होता. लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. तिचे अभिवादन होते ‘लाल जोहार’. भारतातील डाव्या कामगार चळवळींत ‘लाल सलाम’ रूढ होता. तो जसाच्या तसा उचलण्याऐवजी खाणीतल्या मजुराच्या तोंडचा ‘जोहार’ घेऊन त्याला ‘लाल’ जोडले गेले. हा बदल वरवर लहान दिसतो. पण ज्याची भाषा कार्यालयात गावंढळ समजली जाई, त्या मजुराला त्यातून कळले की संघटना आपल्या शब्दात बोलते. संघटनेत नेता आणि मजूर दोघेही ‘लाल जोहार’ म्हणत. येथेही अभिवादन परतून येत होते.

१९९० च्या सुमारास ही चळवळ भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील ठेका कामगारांत पसरली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटेपूर्वी नियोगी यांची भिलाईतील राहत्या घरी झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्थानकापाशी लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक कामगार मारले गेले. भिलाईतील एका पिढीसाठी ‘जोहार’ या शब्दाला ही रक्ताची आठवणही चिकटलेली आहे.

९. आजचा ‘जय जोहार’

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. नव्या राज्याला स्वतःची ओळख हवी होती. छत्तीसगढी भाषेच्या अभिमानाबरोबर ‘जय जोहार’ गावातून शहरात, सभांच्या सुरुवातीस, भाषणांत आणि भ्रमणध्वनीवरच्या संदेशांत आला. २०२३ च्या सुमारास ‘जोहार छत्तीसगढ’ या नावाचा राजकीय पक्षही निघाला. भिलाईचा महाविद्यालयीन तरुण आज जो सहज ‘जय जोहार, संगी’ म्हणतो, त्यामागे हा सारा प्रवास आहे, मग तो त्याला ठाऊक असो वा नसो.

अभिवादन ओळखीची निशाणी बनले की त्याचा आणखी एक उपयोग संभवतो : आपले कोण आणि बाहेरचे कोण, हे ठरवण्याचा. भिलाईसारख्या शहरात, जेथे तिसऱ्या पिढीतली मराठी, तेलुगू किंवा बंगाली मुले छत्तीसगडलाच आपले घर मानतात, तेथे हा प्रश्न नाजूक आहे. ‘जोहार’ म्हणणे हा आपलेपणाचा हात असू शकतो, तशीच ती परीक्षाही होऊ शकते. आपला तिसरा प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो : न म्हणण्याची मोकळीक आहे का? ती असेल तोवर शब्द समतेचा राहतो. ती गेली की तोच शब्द पुन्हा सक्तीचा होतो, मग सक्ती करणारा कोणीही असो.

याच ठिकाणी भिलाईतील आंबेडकरी मराठी घराची कोंडीही समजते. त्या घरातील आजोबांना ‘जोहार’ उच्चारणे जड जात असेल, तर त्यामागे त्यांच्या आजोबांची वाकलेली पाठ आहे. शेजारच्या गोंड घराला तो शब्द प्रिय असेल, तर त्यामागे कोणापुढे न वाकण्याची आठवण आहे. एकाने ‘जय भीम’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘जय जोहार’ असे उत्तर द्यावे, यात कोणाचा अवमान नाही. दोघेही आपापल्या शब्दातून एकच मागणी करत आहेत : मला बरोबरीने उत्तर द्या.

१०. समारोप

शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत कायमचा बंद करून ठेवलेला असतो, असे समजून अनेकदा वाद घातले जातात. ‘जोहार’चा इतिहास त्याविरुद्ध पुरावा देतो. हा शब्द चावडीपुढे चाकरीचा होता, अभंगात भक्तीचा झाला, पाड्यावर बरोबरीचा राहिला, खाणीत एकजुटीचा बनला आणि आज भिलाईच्या रस्त्यावर मैत्रीचा आहे. अक्षरे बदलली नाहीत. बदलले ते म्हणणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते. अभिवादनाचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर त्याला मिळणारे उत्तर ऐकावे.

सारांश

• जुन्या मराठी समाजात अभिवादनाचे शब्द जातीप्रमाणे ठरलेले होते. १७७९ मध्ये सोनारांच्या ‘नमस्कार’ वर आलेली बंदी हा त्याचा पुरावा आहे.
• महार समाजाचा ‘जोहार’ एकतर्फी आणि सक्तीचा होता. संतसाहित्याने तो देवाकडे वळवला, पण गावातील व्यवहार बदलला नाही.
• आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ टाकून परस्परांनी म्हणायचा ‘जय भीम’ स्वीकारला. कामठीचे बाबू हरदास यांना त्याचे श्रेय दिले जाते.
• आदिवासी प्रदेशात ‘जोहार’ परस्परांचा असल्याने तो अभिमानाची खूण बनू शकला. खाण कामगारांच्या चळवळीत त्यातून ‘लाल जोहार’ आला.
• भिलाईत हे दोन्ही इतिहास शेजारी नांदतात.

स्वाध्याय

१. ‘नमस्कार’ या शब्दावरून झालेल्या अठराव्या शतकातील वादातून त्या काळच्या राज्यसंस्थेविषयी काय समजते?
२. चोखामेळा आणि एकनाथ यांच्या ‘जोहार’ रचनांत समतेचा विचार कितपत आहे? त्याच्या मर्यादा सांगा.
३. ‘लाल सलाम’ऐवजी ‘लाल जोहार’ स्वीकारण्याचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात किंवा वसतिगृहात ऐकू येणारी पाच अभिवादने नोंदवा. प्रत्येकाला या पाठातील तीन प्रश्न लावून पाहा आणि आढळलेले फरक एका परिच्छेदात लिहा.